मंडळाची वेबसाइट आणि रात्री साडेदहाची आई



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा. काही जणांना राग येईल, त्यांची आधीच माफी मागते. पण गेल्या गणपतीपासून हे डोक्यात घोळतंय आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये 'इतर विषय' म्हणून शेवटच्या 5 मिनिटांत मांडण्याइतकं ते छोटं नाही.

आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक मुलगी भेटली. हॅमिल्टनहून आली होती, सोबत 5 वर्षांचा मुलगा. मी त्याला विचारलं, "मोदक आवडला का रे?" त्याने आईकडे बघून इंग्रजीत विचारलं, ही बाई काय म्हणतेय. मी सहज म्हटलं, "अगं, रविवारच्या मराठी वर्गाला का नाही आणत? आता तर ऑनलाइन तुकडीही आहे." ती म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी शोधलं होतं हो. तुमची वेबसाइट उघडली. रात्रीचे साडेदहा वाजले होते, हा शेजारी नुकता झोपला होता. एकदम सनई सुरू झाली आणि हा उठून रडायला लागला. कुठे बंद करायची तेच सापडेना. शेवटी फोनच बंद केला. नंतर राहूनच गेलं."

राहूनच गेलं. एक वर्ष. आपल्यापैकी ज्यांची मुलं त्या वयातून गेली आहेत त्यांना 4 ते 5 हे वर्ष म्हणजे काय ते मी सांगायला नको. मूल किंडीतून शाळेत जातं आणि 6 महिन्यांत घरातली भाषा बदलते. आपण मराठीत विचारतो, उत्तर इंग्रजीत येतं, आणि एक दिवस आपणही इंग्रजीत विचारायला लागतो. त्या घरात ते वर्ष सनईने खाल्लं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, कबूल. पण सनईचा वाटा होता.

घरी येऊन मी आपली वेबसाइट फोनवर उघडली. खरं सांगते, दोन वर्षांत पहिल्यांदा. कमिटीतल्या कुणीच ती फोनवर उघडत नाही, कारण आपल्याला सगळं व्हॉट्सॲपवर कळतं. तुम्हीही आत्ता एकदा तुमच्या गावातल्या मंडळाची, शाळेची साइट फोनवर उघडून बघा. मग पुढचं वाचा.

मला काय दिसलं ते सांगते. आधी सनई. मग पूर्ण पडदा झाकणारी चौकट, गेल्या दिवाळीच्या शुभेच्छांची. ती बंद करायची फुली इतकी बारीक की माझं बोट तीनदा प्रायोजकाच्या जाहिरातीवर पडलं. मग केशरी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं. मग उजवीकडून डावीकडे पळणारी पट्टी, जी वाचून होईपर्यंत निघून जाते आणि पुन्हा येईपर्यंत आपण काय वाचत होतो ते विसरायला होतं. त्यानंतर उद्घाटनाचे 14 फोटो. या सगळ्याखाली, अगदी तळाशी, वर्गाची वेळ, पत्ता आणि टर्मच्या तारखा.

तळाशी का? कारण मोठ्या स्क्रीनवर ही माहिती उजव्या बाजूच्या पट्टीत, म्हणजे साइडबारमध्ये, छान दिसते. फोनच्या पडद्यावर बाजूला जागाच नसते, म्हणून बहुतेक टेम्प्लेट्स ती पट्टी उचलून मुख्य मजकुराच्या खाली टाकतात. ज्याने लॅपटॉपवर साइट बनवली त्याला हे कधी कळतच नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात खाली, आणि बनवणाऱ्याला वाटतंय की ती डोळ्यांसमोर आहे.

आता त्या पट्टीत आणखी काय काय होतं ते ऐका. 'आपण अमुक हजारावे पाहुणे' असा आकडा. भारतातली वेळ दाखवणारं घड्याळ. पंचांग. हवामान. फेसबुकची खिडकी. 'आजचा सुविचार'. आपल्या घरातल्या शोकेससारखं, प्रत्येकाने येताजाता एकेक वस्तू ठेवलेली.

घड्याळाचंच घ्या. कुणीतरी साडेसात तासांचा फरक पक्का टाकून ठेवलेला. आपल्याकडे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत ते बरोबर. इकडे संध्याकाळचे 6, तिकडे सकाळचे साडेदहा. एप्रिलनंतर फरक साडेसहा तासांचा होतो आणि घड्याळ अर्धं वर्ष बिनदिक्कत खोटं बोलतं. आणि मला सांगा, फोनवर साइट बघणाऱ्या माणसाच्या हातात घड्याळ नसतं का?

पंचांगाचं त्याहून गंभीर. ते विजेट मुंबईच्या सूर्योदयावर चालतं. आपल्याकडे सूर्य मुंबईच्या कितीतरी तास आधी उगवतो. त्यामुळे मुंबईत सूर्योदयाला जी तिथी लागलेली असते ती आपल्या सूर्योदयाला अजून लागलेली नसते, असं बऱ्याचदा होतं, आणि सण एखाद्या दिवसाने पुढे जाऊ शकतो. चंद्रोदयाचं तर विचारूच नका. संकष्टी करणाऱ्या एका मावशी माझ्याशी वाद घालत होत्या की साइटवर 9:40 लिहिलंय. मी म्हटलं, मावशी, तो मुंबईचा चंद्र आहे. त्या गच्चीवर, म्हणजे डेकवर, शाल पांघरून मुंबईच्या चंद्राची वाट बघत होत्या.

हसू येतं, पण मुद्दा असा की हे सगळे फुकटचे तुकडे दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यातून आपल्या पानावर येतात आणि आपण ते एकदा चिकटवले की कधी तपासत नाही. कारखानदार बदलला, दुकान बंद झालं, कुणी त्यात भेसळ केली, तरी माल आपल्या दारातून विकला जातो. 2018 च्या फेब्रुवारीत असंच झालं होतं. ब्राउझअलाउड नावाचं एक साधन होतं, वेबसाइटवरचा मजकूर वाचून दाखवणारं, म्हणजे हेतू अगदी चांगला. त्यात कुणीतरी घुसून आभासी चलन खणणारा कोड टाकला, आणि ते साधन लावलेल्या 4,000 हून जास्त साइट्स येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कॉम्प्युटर त्या कामाला जुंपू लागल्या. त्यात ब्रिटनमधल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाची साइटसुद्धा होती! त्यांची ही गत, तर 'पाहुणे मोजणाऱ्या' आपल्या विजेटची काय कथा. त्या आकड्याने आजवर कुणाचं काय भलं झालं? आकडा कमी असेल तर लाज वाटते, जास्त असेल तर कुणी विश्वास ठेवत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. आपली साइट ज्या काकांनी 2007 मध्ये उभी केली त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. दिवसभर नोकरी, रात्री मुलं झोपल्यावर हे काम, पदरचे पैसे. तेव्हा सगळ्यांच्याच साइट्स अशा होत्या. सनईसुद्धा त्यांनी प्रेमाने लावली होती, घरी पाहुणा आला की वाजावी तशी. आपण पुढच्या लोकांनी त्यात फक्त भर घातली, काढलं काहीच नाही. चूक असेल तर ती आपली.

"व्हॉट्सॲप आहे ना, वेबसाइट हवी कशाला?" हा प्रश्न मीटिंगमध्ये तीन जणांनी विचारला. ग्रुप हा आत आलेल्यांसाठी असतो. ज्याचा अजून पत्ताच नाही, जो परवा विमानातून उतरलाय, ज्याची बायको मराठी आणि नवरा किवी आहे, जो डनीडिनमध्ये एकटाच मराठी आहे, त्याला ग्रुपमध्ये घेणार कोण? तो आधी गूगलवरच शोधणार. आणि गूगलला आपलं पोस्टर वाचता येईलच याचा नेम नाही.

कारण आपला निम्मा मजकूर चित्रात आहे. वर्गाची जाहिरात म्हणजे एक रंगीत चित्र, त्यात कोपऱ्यात सरस्वती, मोर, आणि अक्षरं चित्राचाच भाग. आपल्याला वाटतं किती छान. पण त्यातला फोन नंबर दाबला तर लागत नाही. पत्ता उचलून नकाशात टाकता येत नाही. सांगलीला माझ्या आईची मोतीबिंदूची दोन ऑपरेशन्स झाली आहेत, ती फोनवर अक्षरं मोठी करून वाचते. चित्र मोठं केलं की ते नुसतं धूसर होतं आणि निम्मं पडद्याबाहेर जातं. माझ्या मुलीला मराठी अडखळत वाचता येतं. खरा मजकूर असेल तर ती शब्दावर बोट दाबून उच्चार ऐकते, अर्थ बघते. चित्रावर बोट दाबून काय होणार?

न्यूझीलंडच्या सरकारी खात्यांना वेबसाइट कशी हवी याचं एक मानक पाळावं लागतं, वेब ॲक्सेसिबिलिटी स्टँडर्ड. ते आपल्या मंडळाला बंधनकारक नाही, पण ज्या आंतरराष्ट्रीय नियमांवर ते उभं आहे ते वाचताना मला सारखी आईच आठवत होती. मजकूर चित्रात कोंडू नका. आवाज आपोआप सुरू करू नका, केलाच तर तो थांबवायची सोय द्या. हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडात साध्या मजकुरासाठी निदान 4.5 ला 1 इतका फरक हवा. केशरीवर पिवळं या परीक्षेत सपशेल नापास होतं, मग तो रंग आपल्याला कितीही प्रिय असो. केशरी ठेवा की, वरच्या पट्टीत ठेवा. वाचायचा मजकूर पांढऱ्यावर काळा असू द्या.

देवनागरीच्या काही खास भानगडी आहेत ज्या इंग्रजी टेम्प्लेट बनवणाऱ्याच्या स्वप्नातही नसतात. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून दोन अक्षरांत अंतर वाढवायची सोय असते. इंग्रजीत ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द पाटीवरून पुसल्यासारखा दिसतो. ओळींमधली जागा इंग्रजीइतकीच ठेवली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाला तर तो गुंता सुटतच नाही. आणि पान कोणत्या भाषेत आहे हे कोडमध्ये सांगावं लागतं. टेम्प्लेट इंग्रजीचं असेल तर ते 'इंग्रजी' असंच सांगत राहतं, मग वाचून दाखवणारं यंत्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायचा प्रयत्न करतं. बदल दोन अक्षरांचा आहे, 'ईएन'च्या जागी 'एमआर'.

त्याचा आणखी एक फायदा. आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदीच्या ल-श पेक्षा वेगळे, महाराष्ट्र सरकारने 2009 मध्ये याबद्दल शासन निर्णयही काढला. चांगल्या फॉन्टला पान मराठीत आहे हे कळलं की तो ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. 'तिरो देवनागरी मराठी' नावाचा फॉन्ट तर वेगळा मराठीसाठीच केलेला आहे, मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त'ही आहे, दोन्ही फुकट मिळतात. आपण मुलांना वर्गात फळ्यावर एक ल शिकवायचा आणि घरी साइटवर दुसराच दाखवायचा, आणि वर म्हणायचं मुलांना वाचायचा कंटाळा!

कुणी म्हणेल, एवढं काय त्या ल-श मध्ये. मग आपली मुलं ज्या देशात वाढतायत तिथलं उदाहरण देते. माओरी भाषेत स्वरावर आडवी रेघ दिली की स्वर दीर्घ होतो. 'वहीने' म्हणजे बाई, पहिल्या स्वरावर रेघ दिली की 'वाहीने', म्हणजे बायका. वर्षानुवर्षं इथली वर्तमानपत्रं ती रेघ गाळायची, कारण काय तर यंत्रणेत बसत नाही. 1987 पासून राजभाषा असूनही. मग 2017 च्या माओरी भाषा सप्ताहात स्टफने रेघा द्यायला सुरुवात केली. यंत्रणा काही एका रात्रीत हुशार झाली नव्हती, लोकांनी ठरवलं होतं. आपल्याकडे 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगर इतका फरक आहे, आणि गेल्या वर्षीच्या आमच्या सहलीच्या पत्रकात मुलं 'दर्या बघायला' डोंगरात गेली होती.

आता फोटोंचं. हे लिहायला मला अवघड जातंय कारण यात मीही आहे. माझी मुलगी आता 11 वर्षांची. मी साइट साफ करत असताना ती मागे येऊन उभी राहिली. सरकत्या फोटोंमध्ये तिचा 5 व्या वर्षीचा फोटो आला, नऊवारीत, नाकात नथ, खाली पूर्ण नाव, आडनाव, इयत्ता, आणि आम्ही राहतो त्या भागाचं नाव. "आई, हा कुणालाही दिसतो?" मी म्हटलं, हो. "तू मला विचारलं होतंस?" तिच्या शाळेत फोटो लावण्याआधी दरवर्षी परवानगीचा कागद घरी येतो, आणि तो ती मला वाचून दाखवून सही घेते. आपल्या घरच्या माणसांच्या साइटवर मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं ते मी. 1 डिसेंबर 2020 पासून इथे नवा प्रायव्हसी ॲक्ट लागू आहे, आणि छोट्या संस्थांनाही तो लागू होतो. 'आपलंच मंडळ आहे' हे काही कायद्यातलं कलम नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, 6 वर्षांपूर्वीच्या उद्घाटनाचे 14 फोटो बघायला येतं कोण? ज्यांचे आहेत ते. त्यांना एक खासगी अल्बम पाठवा, सगळे खूश.

शेवटची गोष्ट, जिच्यामुळे मी खरं तर लिहायला बसले.

2006 ते 2011 या काळात आपल्या वर्गातली मुलं दिवाळी अंकात लिहायची. अंक छापायचा आणि साइटवरही टाकायचा. ती मुलं आता पंचविशीच्या पुढे आहेत. त्यातल्या एकाचे आजोबा या मार्चमध्ये साताऱ्याला गेले. त्याचा मला मेसेज आला, मराठीत, थोडा चुकतमाकत: "काकू, मी पाचवीत असताना आजोबांवर निबंध लिहिला होता. ते आले होते तेव्हा त्यांनी तो मोठ्याने वाचला होता. मिळेल का?"

मिळाला. म्हणजे फाइल मिळाली. उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा काला. तो काळ तुम्हाला आठवत असेल, मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तशा फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने 'क' हा क नसतो, कुठल्या तरी इंग्रजी अक्षराला क चा मुखवटा घातलेला असतो. मुखवटा हरवला की खाली नुसता कचरा. युनिकोडमध्ये लिहिलं असतं तर आज कुठल्याही फोनवर उघडलं असतं. लोकप्रिय फॉन्टसाठी रूपांतर करणारी साधनं आहेत, पण आपला फॉन्ट कोणता होता हे कुणालाच आठवत नाही. काका म्हणतात, पुण्याहून भाच्याने सीडीवर आणला होता. त्याच साइटवरचा अक्षरओळखीचा खेळही गेला, तो फ्लॅशमध्ये होता आणि 2020 च्या अखेरीस फ्लॅशच बंद झालं.

इथली नॅशनल लायब्ररी पेपर्स पास्टवर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं शोधता येतील अशी ठेवते. 19 व्या शतकातली एखाद्या मेंढ्यांच्या लिलावाची बातमी मला दोन मिनिटांत सापडते. इंटरनेटवरचं साहित्यही जतन करायचा अधिकार तिला 2003 च्या कायद्याने आहे. पण आपण त्यांच्या हाती कचरा दिला तर ते कचराच जपून ठेवतील, त्यांचा काय दोष.

नवी साइट मी आणि आणखी दोघींनी मिळून केली आहे. एक पान. वर वर्ग कधी, कुठे, किती वयासाठी, आणि दाबला की लागणारा फोन नंबर. मराठीत आणि इंग्रजीत, कारण किवी बाबांनाही वाचता आलं पाहिजे. बाजूला पट्टी नाही, सनई नाही, चंद्र नाही. कमिटीत एका सदस्यांनी विचारलं, "इतकी रिकामी का दिसते?" पुढच्या शनिवारी ती सर्वांसाठी उघडेल. ज्यांना सनईची फारच आठवण येईल त्यांच्यासाठी एक बटण ठेवलंय, दाबलं तरच वाजेल. काकांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी ते चार वेळा दाबलं.

आता तुमच्याकडे एक काम. 2008 च्या अंकाची छापील प्रत एका घरी सापडली आहे, पण त्यात पान 11 ते 14 नाहीत, आणि अनुक्रमणिकेप्रमाणे त्या मुलाचा निबंध पान 12 वर आहे. तुमच्या गराजमध्ये, माळ्यावर, शिफ्टिंगच्या न उघडलेल्या खोक्यात तो अंक असेल तर कृपया बघा. किंवा त्या काळातला एखादा जुना कॉम्प्युटर, ज्यावर तुम्ही अंकासाठी टाइप केलं होतं आणि जो फेकायचा राहून गेलाय. चालू होत नसला तरी फेकू नका. मी येऊन घेऊन जाईन, पापाकुरापासून अल्बनीपर्यंत कुठेही.